फोटो लहान करताना पिक्सेलचं काय होतं?

४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. तोच फोटो १००० बाय ७५० केला की उरतात साडेसात लाख, म्हणजे सोळांच्या जागी एक. फोटो रबरासारखा आक्रसत नाही. जुने पिक्सेल जाऊन सगळे नवे मांडले जातात आणि प्रत्येकाचा रंग सॉफ्टवेअरला गणित करून ठरवावा लागतो. याला रिसॅम्पलिंग म्हणतात.

फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज साइझ’च्या खिडकीत रिसॅम्पलची खूण काढून टाकली आणि रिझोल्यूशन ७२ चं ३०० केलं, तर मात्र एकही पिक्सेल बदलत नाही. कागदावर इंचाला किती पिक्सेल छापायचे, एवढी नोंद बदलते. छपाईसाठी नेमका आकार हवा असेल तर हिशेब सोपा आहे: ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० रिझोल्यूशनला सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. आधी त्या प्रमाणात क्रॉप करावं. रुंदी-उंचीचं प्रमाण कायम ठेवणारी साखळीची खूण तोडून नुसते आकडे भरले, तर चेहरा ताणला जातो.

आता त्या नव्या पिक्सेलच्या रंगाकडे वळू. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे जवळचा एक जुना पिक्सेल उचलायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. बारीक रेघांचा शर्ट घातलेल्या माणसाचा फोटो असा लहान करून पाहा. शर्टावर कधीच नव्हती अशी लाटांची नक्षी उमटते. ही मुआरे नक्षी. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या अभियंत्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की रेघांची एक जोडी टिकवायची तर तिच्या वाट्याला दोनाहून जास्त नमुने, म्हणजे इथे पिक्सेल, आले पाहिजेत. तेवढे पिक्सेल उरणार नसतील, तर रेघा नुसत्या नाहीशा होत नाहीत. त्या भलत्याच जाड रेघांचं रूप घेतात. म्हणून फोटो लहान करण्याआधी न मावणारा तपशील मुद्दाम पुसट करावा लागतो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण स्वच्छ छोटा फोटो मिळतो तो याच वाटेने. एका नव्या पिक्सेलचा रंग ठरवताना बायलिनिअर पद्धत मुळात शेजारचे ४ जुने पिक्सेल बघते, बायक्युबिक १६. चांगलं सॉफ्टवेअर लहान करताना हा शेजार त्याच प्रमाणात वाढवतं.

याहून खोलवरची चूक सरासरी काढण्यात लपलेली असते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. फोटोतले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात. नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत १२८ म्हणजे पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश नव्हे, जेमतेम २२ टक्के. निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ च्या आसपास येतो. एक काळा आणि एक पांढरा पिक्सेल मिसळताना सॉफ्टवेअरने नुसत्या आकड्यांची सरासरी घेतली, तर खरा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. रात्रीच्या शहरातले दिवे, आकाशातले तारे, उन्हात चमकणारे केस अशा वेळी विझल्यासारखे दिसतात. पडताळा घरीच घेता येतो: एकेका पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र बनवा, बायलिनिअरने निम्मं करा आणि मधल्या भागातला करडा रंग मोजा. १८८ च्या जवळचा आकडा आला तर गणित प्रकाशाचं आहे. १२७-१२८ आला तर आकड्यांचं. फोटोशॉपमध्ये ३२ बिट मोडमध्ये काम केलं की हिशेब प्रकाशाचा होतो.

मोठं करताना प्रश्न वेगळा. कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील कोणतंही गणित परत आणू शकत नाही. बायक्युबिक दोन पिक्सेलांमधली जागा मऊपणे भरतं, एवढंच. एआयवर चालणारी साधनं पापण्या, पानं, विटा ठसठशीत दाखवतात, पण तो शिकलेल्या चित्रांवरून बांधलेला अंदाज असतो. सजावटीला तो चालेल. पुसट नंबरप्लेट वाचायला किंवा वैद्यकीय चित्रात गाठ मोजायला त्याच्यावर विसंबणं धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या व्हिडिओ गेममधल्या चौकटीदार चित्रांना मात्र ‘जवळचा पिक्सेल उचला’ हीच पद्धत योग्य, तीही दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत.

दर वेळी मूळ फाइलपासूनच सुरुवात करावी. लहान केलेला फोटो पुन्हा मोठा केला, तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत, आणि जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की ८ बाय ८ च्या ठोकळ्यांतली झीज त्यात भर घालते. शार्पनिंग, म्हणजे कडा ठसठशीत करणं, सगळ्यात शेवटी, आकार पक्का झाल्यावर.