वीज कंपनीचे उत्तरदायित्व

विजेची निर्मिती, पारेषण किंवा वितरण करणाऱ्या कंपनीवर कायद्याने आलेली, तसेच तिने स्वतः स्वीकारलेली बांधिलकी. तिच्यात आर्थिक शिस्त, कामगार व जनतेची सुरक्षितता, पर्यावरण आणि समाजहित या चार गोष्टी येतात. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत त्यांना चार वेगळी प्रकरणे मिळतात. व्यवहारात मात्र एक ओढले की दुसरे हलते. महाराष्ट्रात हा गुंता शेतीपंपापाशी सर्वांत ठळक दिसतो, म्हणून ही नोंद मुख्यतः महावितरण या राज्याच्या वीजवितरण कंपनीच्या उदाहरणावर आधारली आहे.

पूर्वपीठिका : मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्यावरची वीज मिळावी म्हणून १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. धुराचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटला, पण मुळशीच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांची गावे व जमिनी जाणार होत्या. १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हा शब्द कंपन्यांच्या बोलण्यात येण्याच्या कितीतरी आधी वीज कुणासाठी आणि जमीन कुणाची, हा वाद महाराष्ट्राने पाहिला होता.

स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. विद्युत अधिनियम २००३ नंतर ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या आणि त्यांची सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली. मुंबईचा बराचसा भाग वगळता राज्यभर वीज पोहोचवणाऱ्या महावितरणचे ग्राहक सुमारे ३ कोटी असून त्यांत ४५ लाखांच्या आसपास शेतीपंपधारक आहेत.

आर्थिक बाजू : वितरण कंपनी आपला दर स्वतः ठरवत नाही. १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन तो ठरवतो. खर्चाचा मोठा वाटा वीजखरेदीचा असतो, त्यामुळे घेतलेली वीज आणि ग्राहकांच्या खात्यावर लागलेली वीज यांतील तफावत, म्हणजे गळती, हाच कंपनीच्या तब्येतीचा खरा आकडा. मंडळ आपली गळती बरीच कमी सांगत असे. २००० मधील पहिल्या दरसुनावणीत हिशेब तपासला गेला, तेव्हा ती ३० टक्क्यांच्या पलीकडे निघाली. यातली मेख मीटर नसलेल्या शेतीपंपांत होती. त्यांचे बिल अश्वशक्तीवर निघे आणि युनिट अंदाजाने धरले जात, त्यामुळे शहरातली चोरी आणि कारखान्यातली हेराफेरीसुद्धा शेतकऱ्याच्या खात्यावर खपून जाई. शेतकरी वीज फुकट लाटतो, या समजाला त्या फुगवलेल्या युनिटांनी बराच आधार दिला.

पुढे भारनियमनाचे तास गळती आणि वसुलीप्रमाणे ठरू लागले. त्यासाठी भागांचे गट पाडले गेले : कमी गळतीच्या गट ‘अ’मध्ये कमी अंधार, खालच्या गटांत जास्त. वसुली वाढवण्याचे हे साधन प्रभावी होते, न्याय्य मात्र नव्हते. शेजाऱ्याने तारेवर आकडा टाकून वीज चोरली तर वेळेवर बिल भरणाऱ्याचेही दिवे जात. यंत्रमागांच्या भिवंडीत २००७ पासून वितरणाचे काम टोरेंट पॉवर या खासगी फ्रँचायझीकडे दिले गेले आणि तेथील प्रचंड गळती बरीच खाली आली.

सुरक्षा : लाईनमन खांबावर चढण्यापूर्वी उपकेंद्रातून फीडर, म्हणजे तेथून निघणारी वाहिनी, बंद करून घेऊन ‘परमिट’, म्हणजे कामाची परवानगी, घेतो, वाहिनीत प्रवाह नसल्याची खात्री करतो, उरलासुरला प्रवाह जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावतो आणि मगच हात घालतो. यातली एखादी पायरी घाईत गाळली जाते आणि अपघात होतो. ग्राहकाच्या जनरेटरमधून किंवा चुकीच्या जोडणीतून उलटा आलेला प्रवाहही बंद वाहिनी जिवंत करू शकतो. जीवितहानी झालेल्या अपघाताची चौकशी कंपनी नव्हे, तर शासनाचा विद्युत निरीक्षक करतो.

शेतीपंपांना थ्री-फेज वीज आलटून पालटून, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री दिली जाते. रात्रीच्या पाळीला बारे, म्हणजे पिकाला पाणी, देताना शेतकरी ओल्या रानात स्टार्टरला हात लावतो. पायाशी साप-विंचू, आणि जुन्नर-शिरूरकडे उसात बिबट्या. सर्पदंशाने गेलेला माणूस विद्युत अपघातांच्या नोंदीत येत नाही, कारण त्याला शॉक लागलेला नसतो. सुरक्षेचा अहवाल स्वच्छ राहतो. रात्री जायला नको म्हणून लोक पंपाला वीज येताच तो आपोआप चालू करणारा ऑटोस्विच बसवतात. मग सगळे पंप एकदम सुरू होतात, रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो आणि ‘डीपी जळाली’ म्हणून गाव कित्येक दिवस खोळंबते. ऑटोस्विच काढा, असे आवाहन कंपनी नेहमी करते. रात्रीची पाळी आहे तोवर ते कुणी फारसे मनावर घेत नाही.

पर्यावरण : वितरण कंपनीची चिमणी नसते, पण तिची गळती अखेर चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशातच मोजावी लागते. राखेचा प्रश्न महानिर्मितीचा : जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राख आसपासच्या शेतांत व पाण्यात गेली. विदर्भात रानडुकरांपासून पीक राखायला कुंपणात चोरून सोडलेल्या विजेने वाघही मेले आहेत. तेथे वीजचोरी, जीवितसुरक्षा आणि वन्यजीव हे तिन्ही विषय एकाच तारेवर येतात.

२०१७ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर त्यावर चालवले जातात. राळेगणसिद्धी येथे तिची सुरुवात झाली आणि २०२३ पासून दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर राबवला जात आहे. सूर्य दिवसाच असल्यामुळे पाणीही दिवसा देता येते, आणि ही वीज सुमारे ३ रुपये युनिटने पडत असल्याने शेतीच्या अनुदानाचा बोजा हलका होतो. चारही उद्दिष्टे एका कामात साधण्याची अशी संधी वीज क्षेत्रात क्वचितच येते. जागा मिळणे आणि पावसाळी ढगांचे दिवस, या तिच्या खऱ्या अडचणी.

समाज : कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपनीने सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. (योगायोग असा, की विद्युत अधिनियमातले कलम १३५ वीजचोरीचे आहे.) सतत तोट्यातल्या वितरण कंपनीला हे बंधन नावापुरतेच उरते. ग्राहकाला त्याहून उपयोगी पडतात ते सेवेच्या मुदती ठरवणारे आयोगाचे कृती मानके विनियम, तक्रार निवारण मंच आणि मुंबई व नागपूर येथील विद्युत लोकपाल. जोडणी किंवा दुरुस्ती मुदतीत न झाल्यास ग्राहक भरपाई मागू शकतो, पण मागणारे थोडे.

एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. तिचे पैसे शासन कंपनीला देते आणि विद्युत अधिनियमाच्या कलम ६५ प्रमाणे ते आगाऊ द्यायचे असतात. शून्य रकमेच्या बिलासाठी पंपाचे मीटर वाचण्याची निकड ना शेतकऱ्याला राहते, ना कंपनीला. युनिट पुन्हा अंदाजाने धरले गेले, तर २००० साली उघडी पडलेली गळती लपायची जागा तिथेच आहे.