गालातली चरबी: निम्मी राहते, निम्मी जाते

शरीराच्या एका जागची चरबी काढून ती बसलेल्या गालात भरायची, या उपचाराबद्दल पणजी-मडगावच्या कॉस्मेटिक क्लिनिकांत आता ‘स्वतःचीच चरबी, म्हणून नैसर्गिक’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. चरबी स्वतःची असते, हे खरेच. पण ती नव्या जागी जगते किती, हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षे जुना आहे.

१८९३ साली जर्मन सर्जन गुस्ताव नॉयबर यांनी दंडातली चरबी काढून डोळ्याखालच्या खोल व्रणात भरली. (आपल्याकडे पणजीत तेव्हा वैद्यकीय शाळा सुरू होऊन पन्नास वर्षे झाली होती.) बदामापेक्षा मोठे तुकडे नीट टिकत नाहीत, हे नॉयबर यांनी तेव्हाच नोंदवले. पुढच्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. त्यातच १८९९च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेर्सूनी यांनी चरबीऐवजी पॅराफिन, म्हणजे खनिज मेण, टोचायला सुरुवात केली. काम सोपे, स्वस्त आणि लगेच दिसणारे! पुढे त्याच्या गाठी झाल्या, चेहरे बिघडले, आणि चरबीकडे पुन्हा वळावे लागले.

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या लिंडन पीअर यांनी दाखवले, की कलम केलेली चरबी वर्षभरात जवळजवळ निम्मी विरते. उरते ती, जिच्या पेशींपर्यंत रक्त पोचते. १९७०च्या दशकात लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढण्याची पद्धत) आले आणि चरबी मिळवणे सोपे झाले, जगवणे नाही.

ते कोडे बरेचसे सोडवले न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी, १९९०च्या दशकात. हलक्या हाताने सिरिंजमध्ये चरबी ओढायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल आणि रक्त वेगळे करायचे, मग बोथट कॅन्युला (बारीक नळी) मागे घेता घेता थेंब थेंब सोडायचे, तेही वेगवेगळ्या थरांत. भाताच्या लावणीसारखेच हे: एका जागी मूठभर रोपे खोचली तर मधली कुजतात. बोथट टोकाचा आणखी एक फायदा म्हणजे रक्तवाहिनी भेदली जाण्याची भीती कमी होते. कमी होते, संपत नाही. भुवयांमध्ये टोचलेली चरबी रक्तवाहिनीतून डोळ्याकडे जाऊन कायमची दृष्टी गेल्याच्या नोंदी आहेत. जाहिरातीत हे कुणी छापत नाही.

२०१३मध्ये बेल्जियमच्या पॅट्रिक टोनार आणि सहकाऱ्यांनी ‘नॅनोफॅट’ आणले. दोन सिरिंजांमधून घुसळून आणि गाळून चरबी इतकी पातळ करतात, की त्यात जिवंत चरबीपेशी जवळजवळ उरतच नाहीत. उरतात त्या मूळ पेशी (स्टेम सेल). म्हणून ते त्वचेचा पोत आणि डोळ्याखालचा काळेपणा यांसाठी वापरतात. बसलेला गाल त्याने वर येत नाही.