तबेला वेगळा, गाडीखाना वेगळा

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या जहागिरीतला वाडा पाहून आलेली मंडळी फोटो दाखवतात, अंगणातल्या रुंद कमानीवर बोट ठेवतात आणि सांगतात, "इथे घोडे बांधायचे." खरं तर तिथे बग्ग्या उभ्या असायच्या; तो गाडीखाना. हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

तबेला आपल्याला ठाऊक आहे. ठाण, गव्हाण, मोतद्दार, खरारा, सगळे आपलेच शब्द. गाडीखानाही पुणेकरांना नवा नाही. गाडीसाठी दार रुंद, घोड्यासाठी अरुंद, एवढं कुणालाही दिसतं. पण नुसत्या दारावर विसंबू नका. पुढच्या मालकांनी कमानी बुजवलेल्या असतात, नाहीतर नव्या फोडलेल्या.

खरा फरक हवेचा आहे. लीद आणि मूत यांतून अमोनिया उठतो. बंद तबेल्यात पहाटे शिरलात तर डोळे चुरचुरतात, घोड्याच्या छातीलाही तो बाधतो. म्हणून तबेल्यात वारा खेळता हवा, पण थेट अंगावर नको. त्यासाठी खिडक्या घोड्याच्या डोक्यापेक्षा उंच, पुष्कळदा अर्धगोल, आणि फरशीला मोरीकडे उतार. गाडीचं नेमकं उलटं. बग्गीवर वॉर्निशचे थरावर थर चढवलेले, आत चामडं आणि भारी कापड. अमोनिया लागला की वॉर्निशची चमक जाते, चामडं तडकतं. ओल धरली की लाकूड फुगतं. म्हणून गाडीखाना कोरडा, घट्ट दारांचा आणि तबेल्याच्या हवेपासून तोडलेला. खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीत तर ओल मारायला शेगडी असायची. त्या बाजूला धुरांडं दिसलं तर ते बहुधा तिचंच.

डर्बीशायरमधला चॅट्सवर्थचा वाडा पाहा. डेव्हनशायरच्या चौथ्या ड्यूकसाठी वास्तुविशारद जेम्स पेन यांनी १७६० च्या सुमारास ८० घोड्यांचा चौसोपी तबेला बांधला. दर्शनी भागावर घराण्याचं चिन्ह आहे, त्यातल्या खऱ्याएवढ्या कोरीव हरणांना शिंगं मात्र अस्सल! एवढी जागा असूनही १८३० च्या दशकात सहाव्या ड्यूकनी मागे स्वतंत्र गाडीखाना उभारला. पुढे त्यात 'कॅरेज हाउस' (म्हणजे गाडीखानाच) नावाचं उपाहारगृह निघालं. दारावर नाव इतकं स्पष्ट असताना तिथे जेवून आलेले लोक सांगतात, "आम्ही ड्यूकच्या तबेल्यात जेवलो."