परदेशी कारखाना आला की शेजारचे आपोआप सुधारतात?

‘परदेशी कंपनी आली की आसपासच्या सगळ्या देशी कारखान्यांची उत्पादकता आपोआप वाढते’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. समज निराधार नाही, पण ‘सगळ्या’ आणि ‘आपोआप’ हे दोन शब्द चुकतात.

चाकणसारखी वाहन-उद्योगाची वसाहत डोळ्यांसमोर आणा. मोठी कंपनी सुटे भाग बाहेरून घेते. भाग सदोष निघाला तर तिचीच लाइन अडते. म्हणून ती पुरवठादाराला तपासणीची पद्धत शिकवते, कधी आपला इंजिनिअरही पाठवते. प्रतिस्पर्ध्याला मात्र ती का शिकवेल? उलट त्याचं गिऱ्हाईक तुटतं. यंत्रं, भाडं, माणसं तेवढीच आणि माल कमी, म्हणजे उत्पादकता घटली. (त्याचा हुशार फिटरही बहुधा तिकडेच जातो.)

व्हेनेझुएलातल्या १९७६ ते १९८९ च्या आकडेवारीत परदेशी कंपन्यांच्याच उद्योगातल्या (म्हणजे प्रतिस्पर्धी) देशी कारखान्यांची उत्पादकता घटलेली दिसली. लिथुआनियात १९९६ ते २००० या काळात फायदा दिसला, तो पुरवठादार उद्योगांत.

एखादा देशी कारखाना खरंच सुधारला का हे पडताळायचं तर त्याच्या उलाढालीवर जाऊ नका. ती नुसत्या ऑर्डरींनीही फुगते. विक्रीतून कच्चा माल, वीज वजा करा, कामाच्या एकूण तासांनी भागा आणि आधीच्या वर्षांशी ताडून बघा. महागाई वगळायला विसरू नका. रिजेक्शनचं, म्हणजे सदोष म्हणून नाकारलेल्या मालाचं, रजिस्टरही चाळा.