जेम्स न्यूलँड्स आणि लिव्हरपूलची गटारे : पार्श्वभूमी

लिव्हरपूल नगरपालिकेने १८४७ च्या जानेवारीत जेम्स न्यूलँड्स यांची नगर-अभियंता म्हणून नेमणूक केली. ब्रिटनमध्ये हे पद प्रथमच निर्माण झाले होते. त्यामागे १८४६ चा लिव्हरपूल आरोग्य कायदा होता आणि त्या कायद्यामागे शहराची अवस्था. मजुरवर्गाच्या आरोग्यस्थितीवरील १८४२ च्या चॅडविक अहवालानुसार येथील मजुरवर्गातील मृत्यूचे सरासरी वय अवघे १५ वर्षे होते. अर्भकांचे मृत्यू धरूनचा हा आकडा असला तरी तो कमी भीषण ठरत नाही. हजारो कुटुंबे ओलसर तळघरांत आणि कोंदट चौकांभोवतीच्या घरांत राहत होती. त्यातच १८४७ मध्ये दुष्काळग्रस्त आयरिश लोकांचे लोंढे बंदरात उतरले आणि टायफसची साथ पसरली.

न्यूलँड्स यांचा जन्म १८१३ मध्ये एडिंबरोत, दोरखंड वळणाऱ्याच्या घरी झाला. गणित आणि पदार्थविज्ञान शिकून त्यांनी त्याच शहराच्या वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी केली होती. लिव्हरपूलला आल्यावर खोदकामाची घाई न करता त्यांनी आधी मोजणी हाती घेतली, आणि त्यांच्या कारकिर्दीतील खरी मोलाची गोष्ट मला हीच वाटते. सुमारे ३,००० निरीक्षणे घेऊन त्यांनी शहराच्या चढउतारांचा नकाशा तयार केला. त्याचे प्रमाण १ इंचास २० फूट, म्हणजे साधारण घराची दर्शनी बाजू कागदावर जवळपास इंचभर येईल असे, होते. सांडपाणी स्वतःच्या ओघाने वाहून न्यायचे तर कोणती गल्ली शेजारच्या गल्लीपेक्षा किती खाली आहे हे ठाऊक असावेच लागते. तोवरची गटारे मुख्यतः रस्त्यावरचे पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी होती. घरांतील मैला शोषखड्ड्यांतच मुरत असे.

त्यांनी एप्रिल १८४८ मध्ये सविस्तर अहवाल सादर केला आणि जुलैत काम सुरू झाले. गटारे विटांची आणि अंडाकृती, टोकदार बाजू खाली अशी बांधली गेली. पाणी थोडे असले तरी अरुंद तळातून ते वेगाने वाहते आणि गाळ साचत नाही. पहिल्या ११ वर्षांत ८६ मैल गटारे झाली. मात्र गटारे धुऊन काढायला मुबलक पाणी हवे होते आणि ते रिव्हिंग्टनच्या तलावांतून १८५७ मध्ये पोहोचले. त्यामुळे पुढे आयुर्मान वाढले, याचे सगळे श्रेय गटारांना देण्याची प्रथा जरा सोयीची आहे. पाणीपुरवठा, तळघरांवरील निर्बंध आणि शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम डंकन यांचा पाठपुरावाही त्यात होता.

१८५५ मध्ये सरकारने न्यूलँड्स यांना क्रिमियाच्या युद्धभूमीवर लष्करी छावण्यांच्या स्वच्छतेसाठी पाठवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नंतर तेथील आरोग्यसुधारणेचे श्रेय लिव्हरपूलला दिले. न्यूलँड्स १८७१ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी वारले.