नॅनो एलसी आणि यूएचपीएलसी: दोन्हीत 'छोटं' काय, ते एकच नाही

नॅनो एलसी आणि यूएचपीएलसी ही दोन्ही लिक्विड क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे द्रवात मिसळलेले घटक वेगळे करणारी मशीनं. परवा लॅबमधली एक ज्युनियर म्हणाली, सर आपल्याकडे यूएचपीएलसी आहेच की, मग नॅनो वेगळं कशाला, ते पण छोटंच ना. चूक तिची नाही, हा गोंधळ पुण्यातल्या अर्ध्या लॅबमध्ये चालू असतो आणि इंटरव्ह्यूला तर हमखास ऐकायला मिळतो.

यूएचपीएलसीमध्ये छोटे आहेत ते कॉलमच्या (ज्या नळीतून जाताना घटक वेगळे होतात तिच्या) आत भरलेले कण, २ मायक्रॉनपेक्षा बारीक. त्यातून सॉल्व्हंट (सॅम्पल वाहून नेणारा द्रव) ढकलायला प्रेशर लागतं, हजार बारपर्यंत जातं, आणि बदल्यात पीक (ग्राफवर घटकांचे दिसणारे उंचवटे) टोकदार येतात, रन दहा मिनिटात उरकतो. नळी मात्र तशी ऐसपैसच, आतून २.१ मिलिमीटर, फ्लो मिनिटाला ०.४ मिली वगैरे. नॅनोमध्ये बारीक आहे ती नळीच, ७५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी, आणि फ्लो मिनिटाला ३०० नॅनोलिटर. दिवसभर चालू ठेवला तरी अर्धा मिली सॉल्व्हंट संपत नाही!! (कण नॅनोतही बारीक असू शकतात, म्हणून तर लोक अजून गोंधळतात.)

आता पुढे मास स्पेक, म्हणजे रेणूंना चार्ज देऊन त्यांचं वस्तुमान मोजणारं मशीन, लावलं की खरी गंमत. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये द्रवाचे चार्ज असलेले थेंब उडतात, वाळतात आणि उरलेले आयन (चार्ज असलेले रेणू) मशीन मोजतं, पण सिग्नल एकूण माल किती यावर नाही, तो किती दाट आहे यावर जातो. कोजागिरीचं दूध आठवा, केशराच्या चार काड्या वाटीभर दुधात टाकल्या तर रंग चढतो, त्याच चार काड्या पातेल्यात टाकल्या तर कोणाला कळत पण नाही. २.१ मिलिमीटर आणि ७५ मायक्रॉन, व्यासात २८ पट फरक, म्हणजे क्षेत्रफळात ७८४ पट, कागदावर तेवढा दाटपणा वाढतो. प्रत्यक्षात एवढं पदरात पडत नाही, पण नॅनोचे थेंबही मुळातच बारीक असल्याने आयन जास्त सुटतात, हा वरचा फायदा.

पण केशर डबाभर असेल तर? मग पातेल्यात मूठभर टाका की! इथेच बरेच जण फसतात. पुण्याजवळच्या मांजरी गावात द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे निर्यातीच्या द्राक्षांमधले कीटकनाशकांचे अंश तपासण्याचं काम चालतं. अशा कामात द्राक्षं किलोनं मिळतात, सॅम्पल ढीगभर, उत्तर लवकर पाहिजे, तिथे यूएचपीएलसी आणि ट्रिपल क्वाड (मास स्पेकचाच एक प्रकार) हीच जोडी शोभते. याउलट बायोप्सीच्या कणभर तुकड्यातली प्रोटीन शोधायची असतील, हातात एखादा मायक्रोग्रॅम पेप्टाइड (प्रोटीनचे तुकडे) असेल, तर नॅनोशिवाय गत्यंतर नाही, मग एका रनला दीड तास लागला तरी बसायचं.

आणि नॅनोचे नखरे विचारूच नका. यूएचपीएलसीत लीक झालं तर थेंब दिसतो, सेन्सर बोंबलतो, नॅनोत एवढंसं पाणी बाहेर आल्या आल्या वाळून जातं, थेंब दिसायचा प्रश्नच नाही. मी पूर्वी एका लॅबमध्ये होतो तिथे तीन दिवस पीक डोंगरासारखे पसरट येत होते, आम्ही कॉलमला शिव्या घातल्या, सॅम्पलवर संशय घेतला, शेवटी बघतो तर एका जॉइंटमध्ये नळी नीट टेकलीच नव्हती, आत जराशी पोकळी. हिशोब करा, ३०० नॅनोलिटरच्या फ्लोला १ मायक्रोलिटर पोकळी भरायला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात, यूएचपीएलसीत तेवढीच पोकळी पाव सेकंदाच्या आत पार होते. शिवाय स्प्रेची टिप चोक होते ते वेगळंच, तिचं तोंड साधारण १० मायक्रॉन, सॅम्पल नीट स्पिन न करता (सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली न बसवता) घातलं की टिप बंद झालीच.

ज्युनियरला हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, मग माझ्या मूत्राच्या सॅम्पलला काय लावू? मी म्हटलं, बाटली किती मिलीची आहे ते आधी सांग. १०० मिली म्हणाली. यूएचपीएलसीवर जा म्हटलं.