पेल्यात पाणी का चढतं? ऑक्सिजन संपतो म्हणून नव्हे!

शाळेच्या विज्ञान मंडळात चिमुकल्यांना हा प्रयोग फार आवडतो. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी सरसर आत चढतं आणि मुलं अक्षरशः उड्या मारतात. मग ठरलेलं उत्तर येतं: हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली.

हे चुकीचं आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि मेणबत्ती विझते तेव्हाही त्यातला बराचसा शिल्लक असतो. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, ती वेगळीच.

खरी करामत उष्णतेची. मुलांना पेल्याच्या कडेकडे टक लावून बघू द्या. सुरुवातीला तिथून बुडबुडे सुटताना दिसतात. तापून फुगलेली हवा बाहेर पळत असते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. म्हणूनच पाणी बहुतेक विझल्यानंतरच झपकन चढतं.

"तीन मेणबत्त्या लावल्या तर?" हा प्रश्न एखादं पोर विचारतंच. लावू द्या! पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं. जुनं उत्तर इथेच कोसळतं, तेही मुलांच्या हातून.

ऑक्सिजनचं प्रमाणच दाखवायचं असेल, तर पेल्याच्या तळाशी ओली, बारीक लोखंडी तार घट्ट बसवा आणि पेला पाण्यात उपडा ठेवा. तार गंजत जाते तसतसं पाणी हळूहळू, एक पंचमांशाच्या जवळपास चढतं. फक्त त्याला दिवस लागतात.